गाडी नसलेल्या माणसाची जागा

परवा मी पाठवलेला फोटो पाहून तुम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारलात. "आजी, बर्फात भर रस्त्यावर ही खुर्ची कोणी ठेवली?" तुमच्या बाबानं त्यावर हसणारी तोंडं पाठवली आणि विषय संपवला. त्या खुर्चीची गोष्ट त्याला माहीत नाही, कारण तो पुण्याला गेल्यानंतर ती सुरू झाली. म्हणून मीच लिहिते. जरा लांबेल. फोनवर सांगायला घेतली तर तुम्ही मध्येच जेवायला पळाल.

लोकांच्या आज्या भारतात असतात आणि नातवंडं अमेरिकेत. आपलं उलटं झालं. त्यामुळे पुण्यात वाढणाऱ्या तुम्हाला आधी बर्फ समजावून सांगायला हवा. सिनेमात तो पडतो, सगळे हात पसरून गोल फिरतात आणि गाणं संपतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आमचं गाव युनिव्हर्सिटीचं आणि गल्ली जुनी. बऱ्याच घरांना गॅरेज नाही, त्यामुळे गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लावतात. मोठा बर्फ येणार असला की गावाकडून फोनवर निरोप येतो, आणि त्यानंतर सम नंबरांच्या घरांसमोर एकही गाडी ठेवायची नाही. मग पुढे लोखंडी पातं लावलेला ट्रक येतो. इथले लोक त्याला नांगरच म्हणतात. तो रस्ता मोकळा करतो, पण बाजूला सारलेला सगळा बर्फ कडेच्या गाड्यांवर नेऊन टाकतो. मग ज्यानं त्यानं फावडं घेऊन आपली गाडी उकरून काढायची. शिवाय आपल्या घरासमोरचा फुटपाथ बर्फ थांबल्यावर एका दिवसात साफ करायचा, नाहीतर गावाची नोटीस येते.

आता खुर्ची. विचार करा, कंबर मोडेपर्यंत खपून तुम्ही एका गाडीची जागा मोकळी केली, कामावर गेलात, आणि परत येऊन बघता तर तिथे भलत्याचीच गाडी! म्हणून इथे एक रीत पडली आहे. उकरलेल्या जागेत घरातली एखादी खुर्ची आणून ठेवायची. खुर्ची दिसली की समजायचं, ही जागा कोणाच्या तरी घामाची आहे. मग तिथे कोणी गाडी लावत नाही. खुर्ची नसेल तर लोक मिळेल ते ठेवतात. मी इस्त्रीचं टेबलही पाहिलं आहे. खरं म्हणजे रस्त्यावर वस्तू ठेवणं नियमाविरुद्ध आहे. पण नियम गावाचा आणि रीत गल्लीची, आणि दोघं एकमेकांकडे कानाडोळा करून नांदतात.

मी जन्मभर लायब्ररीत काम केलं. वस्तू नेमून दिलेल्या ठिकाणी असली की मला बरं वाटतं, आणि नसली तर ती तिथे का नाही हे कळेपर्यंत चैन पडत नाही. त्यामुळे ज्या माणसाकडे गाडीच नाही तो दर बर्फाला एका गाडीची जागा उकरतो आणि तिथे खुर्ची ठेवतो, हे पाहिल्यावर माझं काय झालं असेल याची कल्पना करा.

हा माणूस आमच्या शेजारच्या घरातला. निवृत्त डेंटिस्ट, मूळचे कराडचे. तुमचा बाबा त्यांना दातवाले काका म्हणायचा. त्याच्या दुधाच्या दातांपासून अक्कलदाढेपर्यंत सगळं त्यांच्याच हातून गेलं आहे. मी त्यांना डॉक्टर म्हणते आणि ते मला वहिनी. आमच्या दोन्ही घरांतले जोडीदार गेले, मुलं लांब गेली, पण ही दोन संबोधनं तशीच राहिली.

बोलताना डॉक्टर तुमच्या डोळ्यांकडे बघत नसत, दातांकडे बघत. नव्या माणसाला वाटे, आपण फार मोलाचं बोलतो आहोत. मग मध्येच ते म्हणत, "डावीकडे चावताना त्रास होतो का हो?" आणि तो त्रास होत असे.

बर्फही ते दातांसारखाच काढत. डोक्याला माकडटोपी, अंगात शिकारी लोक घालतात तसलं भडक केशरी जाकीट, आणि हातात क्रमाक्रमानं तीन हत्यारं. मोठ्या कामाला फावडं. पायरीवरचा चिकटलेला थर खरवडायला स्वयंपाकघरातलं उलथनं. शेवटी हात फिरवायला कराडहून आणलेली केरसुणी. ती विमानतळावर काय सांगून आणली हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

"मधला भाग कोणीही साफ करतो, वहिनी," ते म्हणत. "कीड लागते ती कडेला."

गटाराची जाळी बर्फाखाली तुंबली आहे का हे पाहायला त्यांनी दवाखान्यातला तो छोटा गोल आरसा एका काठीला बांधला होता. तो खाली घालून ते वाकत आणि गटाराला सांगत, "आ करा." फुटपाथवर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. लोक ते बादलीनं ओततात. डॉक्टर कोशिंबिरीत घालावं तसं चिमटीनं भुरभुरत जात. नांगर येऊन गेला की मला हाक येई, "वहिनी, नांगरणी झाली! आता आपली कोळपणी!" शेतात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढत जाणं, हे मला पेनसिल्व्हेनियात कळलं.

एका वर्षी त्यांना नजरेच्या मधोमध धूसर दिसायला लागलं. कोणी सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच लायसन्स परत केलं आणि गाडी विकून टाकली. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मग थंडी आली, पहिला मोठा बर्फ पडला आणि डॉक्टरांनी घरासमोरची एक अख्खी जागा उकरून तिच्यात घडीची खुर्ची मांडली. अॅल्युमिनियमची, हिरव्या पट्ट्यांची. त्यांच्या बायकोनं कधीतरी पिकनिकला घेतलेली.

गल्लीत तर्क सुरू झाले. समोरच्या बाई मला हळूच म्हणाल्या, "गाडी विकल्याचं ते विसरले असतील का?" मी म्हटलं, शक्य नाही. त्यांना तीस वर्षांपूर्वी भरलेल्या दाढा आठवतात. कोणी म्हणालं, त्यांच्या मुलासाठी असेल. पण मुलगा मॉरिसव्हिलला, खाली नॉर्थ कॅरोलिनात. तो उन्हाळ्याशिवाय फिरकत नसे.

शेवटी मीच विचारलं. "डॉक्टर, ही जागा कोणासाठी?"

"व्यायाम होतो," ते म्हणाले.

पुढच्या बर्फात पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर दुसरं होतं. "एक दात पडला की जीभ सारखी तिथेच जाते ना? तसं आहे ते." हे ऐकायला छान होतं, पण ते उत्तर नव्हतं. खुर्चीकडे बघत राहिले तर कधीतरी कळेल, म्हणून मी सकाळचा चहा खिडकीशी घ्यायला लागले.

याच सुमाराला त्यांच्या मुलाचा फोन आला. मी तिथे चहाला गेले होते. डॉक्टरांचा फोन नेहमी स्पीकरवर असे, म्हणून मीही ऐकलं.

"बाबा, यू आर एटी टू. बर्फ काढायला माणूस लावा."

"माणूस कडा सोडतो."

"मग घर विकू या. इथे तळमजल्यावर बेडरूम आहे, मराठी मंडळ आहे, दोन देवळं आहेत, कोपऱ्यावर इंडियन ग्रोसरी आहे. अजून काय पाहिजे?"

"तिथे बर्फ पडत नाही."

"एक्झॅक्टली!"

"अरे, मग माणसं भेटणार कुठे? उन्हाळ्यात इथे सगळे गाडीतून उतरतात ते थेट घरात. शेजारी कोण राहतो ते फावडं हातात घेतल्यावर कळतं."

मग मुलगा म्हणाला, "ओके. डील करू. तुम्ही एकदा जरी पडलात, किंवा गावाची एक जरी नोटीस आली, की घर विकायचं. नो आर्ग्युमेंट्स."

"कबूल," डॉक्टर म्हणाले. फोन ठेवला आणि चहात बिस्कीट बुडवलं. ते विरघळून तळाशी गेलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक बर्फ म्हणजे त्यांची परीक्षा झाली. पडायचं नाही आणि नोटीस येऊ द्यायची नाही. फुटपाथची काळजी नव्हती. तो असा निघे की त्यावर पंगत वाढावी. प्रश्न खुर्चीचा होता. आमच्या भागात पार्किंगवर लक्ष ठेवायला एक तरुण बाई नव्यानं आल्या होत्या, आणि त्या रीत मानणाऱ्या नव्हत्या. एका सकाळी त्यांची छोटी गाडी हिरव्या खुर्चीपाशी थांबली. मी खिडकी किंचित उघडली. गार वारं आत आलं, पण ऐकू येणं महत्त्वाचं होतं.

"ही खुर्ची तुमची आहे?"

"माझी आहे," असं म्हणून डॉक्टर तिच्यात बसले.

"रस्त्यात वस्तू ठेवता येत नाही, सर."

"वस्तू कुठे आहे? मी बसलो आहे."

बाईंनी नियम आठवून पाहिला असावा. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. माणूस बसलेला असेल तोवर ती खुर्ची. माणूस उठून गेला की अडथळा. रिकामी दिसली तर मी नोटीस लावणार."

"रास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि ती खालची उजवी दाढ लवकर दाखवून घ्या."

बाईंचा हात गालावर गेला.

त्या दिवसापासून डॉक्टर खुर्चीत बसायला लागले. रस्त्याच्या कडेला, दोन्हीकडे बर्फाचे ढीग, मध्ये केशरी जाकीट आणि माकडटोपी, हातात थर्मास. आणि त्यामुळेच इतके दिवस माझ्या नजरेतून सुटलेली गोष्ट मला दिसली. बर्फानंतर निम्म्या जागा बंद असतात, म्हणून गाड्या गल्लीत फेऱ्या मारतात. एखादी गाडी एकदा गेली की डॉक्टर नुसते मान वळवत. तीच गाडी दुसऱ्यांदा आली की उठत, खुर्ची घडी करून काखेत मारत आणि हवालदारासारखा हात करून तिला जागेत घेत. मग घरात जात. गाडी कोणाची, किती वेळ राहणार, काही विचारत नसत. कधी प्लंबर असे, कधी आजारी माणसाकडे आलेली नर्स, कधी पिझ्झावाला. बहुतेक जण हात हलवून निघून जात. एकानं तर त्यांना हॉर्न वाजवून बाजूला व्हायला सांगितलं.

एवढं खपून, नोटिशीची टांगती तलवार डोक्यावर ठेवून, जागा धरायची ती अनोळखी माणसाला देण्यासाठी? काय करतात ते आता मला कळलं होतं. का करतात ते मात्र तसंच राहिलं होतं.

ते कळलं एका चोरीमुळे. चोरी म्हणायची पद्धत. डॉक्टर थर्मास भरायला घरात गेले आणि तेवढ्यात मी खिडकीतून पाहिलं, तर एक मुलगी हिरवी खुर्ची डोक्यावर घेऊन कोपऱ्यावर युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये चढत होती. मी चपला शोधेपर्यंत बस गेली. डॉक्टर बाहेर आले, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, अवघड दाढ होती. कोणीतरी न दुखवता काढली."

डोक्यावर वस्तू घेऊन इतक्या सहज बसमध्ये चढणारी मुलगी आपल्याकडचीच, याबद्दल मला शंका नव्हती. मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "आज सकाळी आमच्या गल्लीतून हिरवी घडीची खुर्ची कोणी नेली असल्यास कृपया कळवावे." पाच मिनिटांत फोन वाजला. मुलगी रडायच्या बेतात होती.

"काकू, सॉरी! मला वाटलं फेकून दिली आहे. सीनियर्सनी सांगितलं होतं, इथे रस्त्याच्या कडेला जे ठेवलं असते ते घेऊन यायचं. आमचा सोफा, दिवा, सगळं तसंच आणलं आहे जी."

खरं होतं ते. इथे नको असलेलं सामान लोक रस्त्याच्या कडेला ठेवतात, आणि आपल्या विद्यार्थ्यांची घरं त्यावरच उभी राहतात. फक्त बर्फातल्या खुर्चीचा अपवाद तिला कोणी सांगितला नव्हता. ती नुकतीच नागपूरहून आली होती आणि हा तिचा पहिलाच हिवाळा होता.

दुपारी ती खुर्ची परत घेऊन आली, पुन्हा डोक्यावर. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. मीही गेले. चहा झाला. तिनं चौथ्यांदा सॉरी म्हटलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वरचे पुढचे दात सुंदर आहेत तुझे. खुर्ची कशाला हवी होती?"

"आम्ही चौघी राहतो काका, आणि घरात एकच खुर्ची आहे. जिची परीक्षा राहते तिनं बसायचं."

डॉक्टरांनी डायनिंग टेबलाकडे पाहिलं. "इथे सहा आहेत आणि बसणारा एक. जाताना ने."

"नाही नाही काका, कसं काय!"

"डोक्यावर एका वेळी एकच मावेल. बाकीच्या हळूहळू ने."

मग त्या मुलीनं इतक्या साधेपणानं विचारलं, की लायब्ररीत जन्म घालवूनही मला तसं कधी जमलं नसतं. "पण काका, तुमच्याकडे तर गाडी नाही म्हणतात. मग जागा काऊन धरता?"

आणि डॉक्टरांनी तिला सरळ उत्तर दिलं.

"कराडच्या एसटी स्टँडमागे आमचं घर. गाडी लागली की आम्ही पोरं खिडकीतून टोपी टाकून जागा धरायचो. घरचं कोणीही कुठे जायचं नसायचं. धरायची, आणि मागून जी म्हातारी बोचकं घेऊन चढेल तिला द्यायची. तिनं तोंडावरून हात फिरवला की खाली उडी. पुढची गाडी."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच. जागा धरणाऱ्याला सगळे भांडखोर समजतात. पण धरल्याशिवाय देता कशी येणार? पुढे शिकलो, इथे आलो, दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून कमावलं. गाडी होती तोवर धरलेली जागा मलाच लागायची. आता लागत नाही, म्हणून पुन्हा टोपी टाकतो."

मुलगी हसली. माझं मात्र वर्षभर शोधत असलेलं पुस्तक चुकीच्या कपाटात सापडावं तसं झालं होतं. थंडी संपेपर्यंत त्या टेबलाभोवती दोनच खुर्च्या उरल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मुलानं कळवलं, की तो स्वतः पाहायला येतो आहे. "आय वाँट टु सी हाऊ यू मॅनेज, बाबा." कोणत्या दिवशी निघणार तेही सांगितलं, आणि नेमका त्याच्या आदल्या दिवशी त्या वर्षीचा सगळ्यात मोठा बर्फ पडला. मुलगा ऐकेना. म्हणाला, आता तर मुद्दाम येतो.

डॉक्टर सकाळपासून बाहेर होते. फुटपाथ आरशासारखा केला. पायऱ्या उलथन्यानं खरवडल्या. जागा उकरली, तिच्या कडा केरसुणीनं झाडल्या आणि मध्ये खुर्ची मांडून बसले. सगळ्या गल्लीला वाटलं, आज तरी ही जागा मुलाची. मलाही तेच वाटलं. मुलानं त्या जागेत गाडी लावायची, साफ फुटपाथवरून चालत घरात यायचं आणि काही न बोलता परत जायचं, इतकं सोपं होतं ते.

दुपारी एक निळी गाडी गल्लीतून हळू गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली. तिच्यात आमच्या पलीकडच्या घरात नव्यानं राहायला आलेलं तरुण अमेरिकन जोडपं होतं. मागच्या सीटवर बाई बसली होती, आणि तिच्या शेजारी बाळाची टोपली. हॉस्पिटलमधून बाळाला घरी आणत होते.

डॉक्टर उठले.

मी ओट्यावरून ओरडले, "डॉक्टर! मुलगा कोपऱ्यावर पोचला असेल तुमचा!"

"तो चालू शकतो," डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची काखेत मारली.

बाळ घरात गेलं. नंतर दहा मिनिटांत मुलगा आला. त्यानं दोन फेऱ्या मारल्या, घरासमोरची जागा भरलेली पाहिली, आणि गाडी पार चर्चच्या मागे लावून चालत निघाला. पायात ऑफिसचे गुळगुळीत बूट. डॉक्टरांच्या फुटपाथपर्यंत तो पोचलाच नाही. तीन घरं अलीकडे एकानं कडा सोडल्या होत्या. तिथे त्याचे दोन्ही पाय एकदमच हवेत गेले.

डॉक्टर खुर्ची घेऊन त्याच्याकडे निघाले. मी मनात म्हणत होते, आता तुम्ही पडू नका, आता तुम्ही पडू नका. ते छोटी छोटी पावलं टाकत पोचले, खुर्ची उघडली, मुलाला तिच्यात बसवलं आणि म्हणाले, "आ कर."

"बाबा, माझा पाय..."

"आ कर आधी." त्यांनी वाकून अंदाज घेतला. दिसत किती होतं कोणास ठाऊक, पण बोट फिरवून पाहिलं. "सगळे शाबूत आहेत. पायाला दुसरा डॉक्टर बघावा लागेल."

मग ते मुलाच्या शेजारी बर्फात उभे राहिले आणि हळूच विचारलं, "आपल्या डीलमध्ये कोण पडलं तर, असं ठरलं होतं?"

मुलगा विव्हळत होता, तरी त्याला हसू आलं. "डोंट, बाबा. हसवू नका, दुखतंय."

आरडाओरडा ऐकून बाळाचा बाप धावत आला. त्याची गाडी डॉक्टरांनी दिलेल्या जागेतच, निघायला मोकळी उभी होती. त्यानं मुलाला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. डॉक्टर पुढे बसले. गाडी निघणार तेवढ्यात त्यांनी काच खाली केली आणि खुर्ची माझ्या हातात दिली.

"वहिनी, जागा!"

गाडी गेली. मी खुर्ची घेऊन उभी. तो पोरगा हॉस्पिटलमधून परत येईल तेव्हा त्याला जागा हवी होती, त्याचं बाळ एका दिवसाचं होतं. खुर्ची रिकामी ठेवली तर नोटीस येणार, आणि नोटीस आली की डॉक्टरांचं घर जाणार. जन्मात कधी उशिरा परत केलेल्या पुस्तकाचा दंडही मला भरावा लागलेला नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, पदर नीट केला आणि रस्त्यात बसले.

बसायला आणि पार्किंगच्या बाई यायला एकच गाठ पडली. त्यांनी गाडी थांबवली. "तुम्हीसुद्धा, मॅडम?"

"माणूस बसलेला आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. "माझी दाढ बरी आहे म्हणून सांगा त्यांना," म्हणाल्या आणि गेल्या.

मुलाचा घोटा मोडला होता. प्लास्टर घालून तो सहा आठवडे वडिलांकडे राहिला. उरलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसायचा, दुसरीवर पाय ठेवायचा, लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायचा आणि खिडकीतून वडिलांकडे बघायचा. काय दिसत होतं ते त्यानं मला एकदा सांगितलं. "मावशी, इथे दिवसात चारदा बेल वाजते. कोण केक देऊन जातं, कोण सूप. त्या नागपूरच्या मुलीनं तर्रीपोहे आणले. आमच्याकडे बेल वाजली की आम्ही आधी कॅमेऱ्यात बघतो, कोण आहे ते." निघताना त्यानं डीलचा विषय काढला नाही. डॉक्टरांनीच काढला. तो म्हणाला, "तुम्ही कुठे पडलात? आणि नोटीस पण नाही. डील इज ऑन."

आणखी दोन हिवाळे डॉक्टर त्या खुर्चीत बसले. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी पाहिलं, ते उठले, खुर्ची काखेत मारली आणि हात करून एका गाडीला जागेत बोलावायला लागले. ती गाडी म्हणजे बर्फाचा ट्रक होता. नांगर. ड्रायव्हर त्यांना ओळखत होता. तो हसला, भोंगा वाजवला आणि पुढे गेला. डॉक्टरही हसले. दुपारी माझ्याकडे आले आणि बराच वेळ माझ्या पडद्यांकडे बघत बसले.

"वहिनी, आज मी नांगराला जागा दिली."

"अहो, चालायचंच. बर्फाच्या झळाळीत कोणालाही..."

"नाही. दुसऱ्यांदा फिरून आलेली गाडी मला ओळखू येत नाही आता. द्यायची कोणाला ते दिसत नसेल, तर धरण्यात काय राम आहे?"

ते पडले नाहीत. नोटीसही आली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच मॉरिसव्हिलला फोन केला. मे महिन्यात ते मुलाकडे राहायला गेले. केरसुणी आणि आरशाची काठी बरोबर नेली. खुर्ची माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाले, "तिथे नेऊन काय करू? तिथले लोक नुसते सावलीत बसतील हिच्यात."

अजून त्यांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी वगैरे काही नाही. पहिलं वाक्य असतं, "किती पडला?" आणि दुसरं, "कोणाला दिलीत?"

आता कळलं ना खुर्ची कोणी ठेवली? फोटोत ती रिकामी दिसते, कारण फोटो काढायला मी उठले होते. मीही आता गाडी चालवत नाही. तुम्हाला फोटो पाठवला आणि परत बसणार, तेवढ्यात आधी एकदा गेलेली पांढरी गाडी कोपऱ्यावरून पुन्हा आली. मग बसलेच नाही. खुर्ची घडी केली आणि हात केला.